व्यावसायिक वजन-नियंत्रण कार्यक्रम

व्यावसायिक वजन-नियंत्रण कार्यक्रम म्हणजे व्यक्तीचे वजन कमी करण्यासाठी किंवा कमी झालेले वजन टिकवण्यासाठी शुल्क आकारून दिली जाणारी संघटित सेवा होय. आहाराचा आराखडा, व्यायामाचे मार्गदर्शन, नियमित वजन-नोंद, समूहाचा किंवा मार्गदर्शकाचा आधार, तयार खाद्यपदार्थ, यंत्रोपचार आणि अलीकडच्या काळात औषधे यांपैकी एक किंवा अनेक गोष्टींचा अशा कार्यक्रमांत समावेश असतो. सामान्य बोलीत यांना 'वेट लॉस प्रोग्रॅम', 'स्लिमिंग सेंटर' किंवा नुसते 'पॅकेज' असेही म्हणतात.

काही कार्यक्रमांची परिणामकारकता शास्त्रीय चाचण्यांत तपासली गेली असून त्यांतून मर्यादित पण खरा लाभ होतो, असे आढळले आहे. मात्र बाजारातील बहुसंख्य कार्यक्रमांची अशी तपासणी झालेली नाही. त्यामुळे एखादा कार्यक्रम स्वतःसाठी योग्य आहे की नाही हे ठरवताना वैद्यकीय गरज, पुराव्याची गुणवत्ता, सुरक्षितता, एकूण खर्च, कराराच्या अटी आणि कार्यक्रम संपल्यानंतरची व्यवस्था या बाबींचा विचार करावा लागतो.

वजन कमी करण्याची गरज ठरवणे

कार्यक्रमाची निवड करण्यापूर्वी वजन कमी करण्याची वैद्यकीय गरज आहे का, हा पहिला प्रश्न ठरतो. त्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे माप म्हणजे शरीर वस्तुमान निर्देशांक (बीएमआय). किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता हा निर्देशांक मिळतो. बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात हे गुणोत्तर मांडले आणि अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९७२ मध्ये त्याला आजचे नाव दिले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण वर्गीकरणात २५ व त्याहून अधिक निर्देशांक म्हणजे अतिवजन आणि ३० व त्याहून अधिक म्हणजे लठ्ठपणा होय. भारतीयांमध्ये तुलनेने कमी वजनालाही पोटाभोवती चरबी साठण्याची आणि मधुमेह होण्याची प्रवृत्ती आढळते. म्हणून २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी एकमताने वेगळ्या मर्यादा सुचवल्या. त्यांनुसार २३ ते २४.९ हे अतिवजन आणि २५ पासून पुढे लठ्ठपणा मानला जातो. उदाहरणार्थ, १६० सेंटिमीटर उंची आणि ६४ किलो वजन असलेल्या व्यक्तीचा निर्देशांक २५ येतो. निर्देशांकाच्या जोडीला कमरेचा घेरही मोजतात. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही त्याची मर्यादा धरली जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष यांचा निर्देशांक २५ किंवा त्याहून अधिक आढळला. म्हणजे गरज असलेल्यांची संख्या मोठी आहे. तथापि निरोगी मर्यादेत वजन असलेल्या व्यक्तीही, विशेषतः लग्नसमारंभापूर्वी तरुण मुली, अशा कार्यक्रमांत नाव नोंदवतात. त्यांच्या बाबतीत आरोग्यलाभ होण्याचा प्रश्न नसतो आणि अपायाची शक्यता मात्र उरते.

अवटू ग्रंथीचे (थायरॉइड) कार्य मंदावणे, बीजांडकोशाचे विकार, तसेच स्टेरॉइड, इन्सुलिन आणि काही मानसोपचार-औषधे यांमुळेही वजन वाढू शकते. मूळ कारणाची तपासणी न करता शुल्क भरल्यास पैसा आणि वेळ या दोहोंचा अपव्यय होतो.

इतिहास

वजन घटवण्याच्या आहारपद्धतीला लोकप्रिय स्वरूप देणारे पहिले उल्लेखनीय नाव विल्यम बँटिंग यांचे होय. लंडनमध्ये अंत्यविधी-व्यवस्थेचा व्यवसाय करणाऱ्या बँटिंग यांनी १८६३ मध्ये आपल्या वैद्याने सांगितलेल्या आहाराविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. साखर व पिष्टमय पदार्थ कमी करण्यावर तिचा भर होता.

संघटित स्वरूपाची सुरुवात विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत झाली. १९४८ मध्ये मिलवॉकी येथे 'टॉप्स' ही ना-नफा संस्था निघाली. न्यू यॉर्कमधील क्वीन्स भागात राहणाऱ्या जीन नायडेच या गृहिणीने महापालिकेच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यातून आहाराचा आराखडा घेतला. पण एकटीने तो पाळणे तिला कठीण गेले. म्हणून तिने मैत्रिणींना घरी बोलावून साप्ताहिक बैठका सुरू केल्या. त्यांतूनच १९६३ मध्ये 'वेट वॉचर्स' ही कंपनी उभी राहिली. आहाराच्या माहितीइतकाच समदुःखी माणसांचा आधार महत्त्वाचा असतो, हे तिच्या यशाचे सूत्र होते. १९७८ मध्ये हाइन्झ या खाद्यपदार्थ कंपनीने ती विकत घेतली. ब्रिटनमध्ये १९६९ साली 'स्लिमिंग वर्ल्ड' आणि ऑस्ट्रेलियात १९८३ साली 'जेनी क्रेग' या कंपन्या स्थापन झाल्या. यांपैकी जेनी क्रेगचा भर तयार जेवणावर होता.

भारतात या व्यवसायाचा विस्तार आर्थिक उदारीकरणाच्या काळात झाला. वंदना लुथ्रा यांनी १९८९ मध्ये दिल्लीत 'व्हीएलसीसी' सुरू केली. सौंदर्यप्रसाधन आणि वजन-नियंत्रण यांची एकाच छताखाली सांगड घालणारे हे प्रारूप पुढे अनेक केंद्रांनी स्वीकारले. २०१० नंतर स्मार्टफोनवरील अ‍ॅपद्वारे चालणारे कार्यक्रम वाढले.

जीएलपी-१ गटातील औषधांच्या आगमनाने या उद्योगाची घडी बदलली. २०२३ मध्ये जेनी क्रेगने आपली केंद्रे बंद केली. वेट वॉचर्सने त्याच वर्षी औषधे लिहून देणारी दूरवैद्यक कंपनी खरेदी केली; तरीही २०२५ मध्ये कर्जाच्या फेररचनेसाठी तिला अमेरिकेतील दिवाळखोरी न्यायालयाकडे जावे लागले. भारतात टिर्झेपटाइड आणि वजन कमी करण्यासाठीचे सेमाग्लुटाइड ही औषधे २०२५ मध्ये बाजारात आली.

प्रकार

- समूहाधारित कार्यक्रम : साप्ताहिक बैठक, वजन-नोंद आणि परस्पर आधार यांवर भर. संशोधन सर्वाधिक याच प्रकारावर झाले आहे.
- आहारसल्ला कार्यक्रम : आहारतज्ज्ञाकडून वैयक्तिक आराखडा व ठरावीक मुदतीने पाठपुरावा.
- पर्यायी आहाराचे कार्यक्रम : एक किंवा अनेक जेवणांऐवजी पावडर, शेक अथवा तयार पाकिटे. यांतील काही उत्पादने थेट विक्री पद्धतीने, म्हणजे ओळखीच्या विक्रेत्यांच्या साखळीतून विकली जातात.
- यंत्रोपचार केंद्रे : चरबी गोठवणे, कंपनपट्टे, उष्ण लेप इत्यादी. यांचा परिणाम बहुधा शरीराच्या विशिष्ट भागाच्या आकारापुरता असतो. एकूण वजन व चयापचय यांवर तो नगण्य असतो.
- अ‍ॅपआधारित कार्यक्रम : खाल्लेल्या पदार्थांची नोंद, उष्मांकगणना आणि दूरस्थ मार्गदर्शक.
- वैद्यकीय कार्यक्रम : डॉक्टरांच्या देखरेखीखाली अत्यल्प उष्मांकाचा आहार किंवा औषधोपचार.

परिणामकारकता

अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक चाचणीत ४२३ व्यक्तींचा दोन वर्षे अभ्यास करण्यात आला. वेट वॉचर्सच्या गटाचे वजन दोन वर्षांअखेर सरासरी २.९ किलोने, तर स्वतःच्या प्रयत्नांवर सोडलेल्या गटाचे ०.२ किलोने कमी झाले होते. पहिल्या वर्षाअखेर कार्यक्रमातील घट ४.३ किलो होती. म्हणजे दुसऱ्या वर्षी तिच्यातील काही भाग परत आला.

२०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलिया, जर्मनी व ब्रिटन येथील चाचणीत ७७२ व्यक्ती सहभागी होत्या. वर्षभरात कार्यक्रमाच्या गटात सुमारे ५ किलो, तर नेहमीच्या दवाखान्यातील सल्ल्याच्या गटात सुमारे २.२५ किलो घट झाली. २०१७ मध्ये इंग्लंडमधील १,२६७ व्यक्तींच्या चाचणीतून कालावधीचे महत्त्व स्पष्ट झाले. केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्या गटात वर्षाअखेर ३.२६ किलो, बारा आठवड्यांच्या कार्यक्रमात ४.७५ किलो आणि बावन्न आठवड्यांच्या कार्यक्रमात ६.७६ किलो घट नोंदवली गेली.

२०१५ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार बारा महिन्यांनी वेट वॉचर्समधील सहभागींचे वजन तुलनागटापेक्षा किमान २.६ टक्के आणि जेनी क्रेगमधील सहभागींचे किमान ४.९ टक्के अधिक घटले होते. अनेक अन्य कार्यक्रमांविषयी दीर्घकालीन पुरावा अपुरा असल्याचेही त्यात नमूद होते.

हे आकडे जाहिरातींच्या तुलनेत लहान वाटतात. परंतु मूळ वजनाच्या पाच ते सात टक्के घटही आरोग्यदृष्ट्या महत्त्वाची असते. अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंध चाचणीत (२००२) सात टक्के घटीचे उद्दिष्ट व नियमित हालचाल यांमुळे मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. चेन्नईतील संशोधकांच्या २००६ च्या भारतीय अभ्यासात जीवनशैलीतील बदलांमुळे ही घट २८.५ टक्के होती.

गमावलेले वजन परत येणे ही सर्वच पद्धतींपुढील प्रमुख अडचण आहे. वजन उतरल्यावर शरीर ऊर्जेचा खर्च कमी करते आणि भूक वाढवते. अमेरिकेतील 'द बिगेस्ट लूझर' या दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांचा सहा वर्षांनी अभ्यास केला असता, सरासरी ५८ किलो घटलेल्या वजनापैकी सुमारे ४१ किलो परत आल्याचे आणि त्यांचा विश्रामकालीन ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे ५०० किलोकॅलरींनी कमी राहिल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

जाहिरातींतील दावे व त्यांचे गणित

एक किलो शरीरचरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा असते. 'महिन्यात दहा किलो' हा दावा चरबीच्या संदर्भात खरा ठरवायचा तर ७७,००० किलोकॅलरींची, म्हणजे दररोज सुमारे २,५६७ किलोकॅलरींची तूट हवी. बैठे काम करणाऱ्या अनेक स्त्रियांचा दिवसभराचा एकूण ऊर्जाखर्चच दोन हजारांच्या आसपास असतो. म्हणजे महिनाभर निर्जळी नव्हे, तरी निराहार राहूनही हे उद्दिष्ट चरबी घटवून गाठता येणार नाही. म्हणूनच आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग सर्वसाधारणपणे सुरक्षित व वास्तव मानला जातो.

पहिल्या आठवड्यातील झपाट्याची घट प्रामुख्याने पाण्याची असते. यकृत व स्नायूंत ग्लायकोजेन या रूपात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम साखरेबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. आहार कमी होताच हा साठा वापरला जातो आणि काटा एक-दोन किलोंनी खाली येतो. नेहमीचे जेवण सुरू झाले की तो पूर्ववत होतो. मोफत 'ट्रायल'चा आठवडा यशस्वी वाटण्यामागे हे एक कारण असते.

यशाची टक्केवारी वाचताना छेद कोणता घेतला आहे, हे पाहणे आवश्यक असते. समजा, १०० जणांनी नाव नोंदवले, ४० जणांनी कार्यक्रम पूर्ण केला आणि त्यांपैकी ३० जणांनी उद्दिष्ट गाठले. 'पूर्ण करणाऱ्यांपैकी ७५ टक्के यशस्वी' हे विधान खोटे नाही; तथापि नाव नोंदवणाऱ्याच्या दृष्टीने यशाची शक्यता ३० टक्केच ठरते. 'आधी व नंतर'च्या छायाचित्रांत केवळ यशस्वी व्यक्तींनाच स्थान मिळते आणि ती व्यक्ती दोन वर्षांनी कशी दिसते हे क्वचितच दाखवले जाते.

धोके आणि वर्ज्य गट

फार वेगाने वजन घटल्यास पित्ताशयात खडे होणे, स्नायूंचे वस्तुमान घटणे, केस गळणे, अशक्तपणा आणि पाळी अनियमित होणे असे परिणाम संभवतात. दिवसाला ८०० किलोकॅलरींपेक्षा कमी आहार केवळ वैद्यकीय देखरेखीखालीच घेणे इष्ट असते.

पुढील व्यक्तींनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अशा कार्यक्रमात सहभागी होऊ नये, असे सामान्यतः मानले जाते :

- गर्भवती व स्तनदा माता;
- १८ वर्षांखालील मुले-मुली;
- इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या विशिष्ट गोळ्या घेणारे रुग्ण, कारण आहार अचानक घटल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते;
- मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय यांचे विकार असलेले रुग्ण;
- खाण्याशी निगडित मानसिक विकार असलेल्या किंवा पूर्वी होऊन गेलेल्या व्यक्ती;
- वयोवृद्ध, ज्यांच्यात स्नायूंची झीज हा वजनापेक्षा मोठा प्रश्न असतो.

'हर्बल' किंवा 'पूर्णपणे नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत सिब्युट्रामिन हे औषध मिसळलेले आढळले आहे. हृदयविकार व पक्षाघात यांच्या वाढीव जोखमीमुळे ते २०१० मध्ये अमेरिका व युरोपच्या बाजारातून मागे घेण्यात आले आणि २०११ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली.

भारतातील कायदेशीर चौकट

औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत लठ्ठपणाचा समावेश आहे. त्यामुळे औषधाने लठ्ठपणा बरा होतो, असे सुचवणाऱ्या जाहिरातीस या कायद्याने प्रतिबंध आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. २०२५ मध्ये प्राधिकरणाने चरबी गोठवणाऱ्या यंत्राच्या जाहिरातीबद्दल व्हीएलसीसीला तीन लाख रुपयांचा दंड केला. संबंधित यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता विशिष्ट भागांतील चरबीच्या उंचवट्यांपुरती असताना जाहिरातीत ते वजन घटवण्याचा उपाय म्हणून मांडले गेले होते.

त्रुटी असलेली सेवा थांबवण्यास व रक्कम परत करण्यास नकार देणे ही याच अधिनियमानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावतीवर मुदत नमूद नसल्यास परताव्यासाठी तीस दिवसांची मुदत धरली जाते. म्हणून पावतीवर 'पैसे परत मिळणार नाहीत' असे छापलेले असले, तरी ग्राहकाचा मार्ग पूर्णतः बंद होत नाही. २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वर्गणी रद्द करणे मुद्दाम अवघड करून ठेवण्याच्या पद्धतीसही प्रतिबंध केला आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा १९१५ हा क्रमांक आणि जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग उपलब्ध आहेत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात आयोगाचे शुल्क नसते. तक्रार सामान्यतः दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते.

निवड करताना विचारात घ्यायच्या बाबी

मार्गदर्शकाची पात्रता : आहाराचा आराखडा देणारी व्यक्ती आहारशास्त्राची पदवीधर आहे, की विक्रीचे प्रशिक्षण घेतलेली समुपदेशक आहे, हे विचारणे आवश्यक असते. भारतीय आहारशास्त्र संघटनेची नोंदणीकृत आहारतज्ज्ञ ही मान्यता एक निकष मानता येते. औषध द्यायचे असल्यास डॉक्टरचा वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक मागता येतो.

आहाराची व्यवहार्यता : घरातील चुलीवर शिजणाऱ्या अन्नातून पाळता येईल असाच आराखडा टिकतो. भाकरी, आमटी, उसळ, भाजी, ताक यांचे प्रमाण शिकवणारा कार्यक्रम आणि महागड्या पाकिटांवर विसंबणारा कार्यक्रम यांत पहिला दीर्घकाळ उपयोगी पडतो. उपवासाचे पदार्थ, गणपतीतील मोदक, दिवाळीचा फराळ, लग्नाच्या पंगती आणि कामाच्या पाळ्या यांविषयी कार्यक्रम काय सांगतो, हा चांगला कसोटीचा प्रश्न ठरतो. कुटुंबासाठी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला स्वतःपुरता वेगळा डबा करणे किती दिवस शक्य आहे, याचाही विचार करावा लागतो.

एकूण खर्च : नोंदणीशुल्कात पाकिटे, पूरक गोळ्या, रक्ततपासण्या व नूतनीकरण यांची भर घालून वर्षभराचा खर्च काढणे हिताचे असते. हप्त्यांवर पॅकेज घेतल्यास कर्जाचा करार बहुधा वित्तसंस्थेशी स्वतंत्रपणे झालेला असतो. त्यामुळे केंद्र बंद पडले किंवा जाणे थांबवले तरी हप्ते आपोआप थांबत नाहीत.

लेखी माहिती : दिली जाणारी हमी, ती वजनाची की इंचांची, परताव्याच्या अटी आणि कार्यक्रम मध्येच सोडल्यास होणारी आकारणी या गोष्टी लेखी घेणे आवश्यक असते. 'आजच नाव नोंदवल्यास सवलत' असा आग्रह असल्यास करारपत्र घरी नेऊन वाचण्याची मागणी करता येते. ती नाकारली जाणे हेच पुरेसे उत्तर समजता येते.

माहितीची गोपनीयता : अ‍ॅपकडे वजन, आजार, मासिक पाळी इत्यादी खाजगी नोंदी जमा होतात. २०२२ मध्ये वेट वॉचर्सच्या मुलांसाठीच्या अ‍ॅपने पालकांच्या संमतीविना माहिती गोळा केल्याच्या प्रकरणी कंपनीने अमेरिकेत १५ लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

पुढील व्यवस्था : वजन उतरल्यानंतर किमान वर्षभर पाठपुरावा आहे का, आणि नसल्यास स्वतःहून काय करायचे हे शिकवले जाते का, हा निर्णायक मुद्दा होय. औषधाधारित कार्यक्रमांत औषध थांबवल्यावर वजन बऱ्याच अंशी परत येते. म्हणून उपचार किती काळ चालेल, हे सुरुवातीसच विचारावे लागते.

व्यक्तीची तयारी : ज्यांना समूहात उत्साह येतो, नोंद ठेवण्याची सवय आहे आणि दर आठवड्याला वेळ देता येतो, त्यांना बैठकीच्या स्वरूपाचा कार्यक्रम उपयोगी पडण्याची शक्यता अधिक असते. घरातील आजारपण, परीक्षा, बाळंतपण अशा ताणाच्या काळात सुरू केलेला कार्यक्रम अर्धवट सुटण्याची शक्यता मोठी असते.

पर्याय

सरकारी रुग्णालये व वैद्यकीय महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत आहारसल्ला अल्प खर्चात मिळू शकतो. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारित आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसारित केलेली, दिवसातून दोनच वेळा व प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धती विनाशुल्क मोहिमेच्या रूपाने लोकप्रिय झाली. तथापि विनाशुल्क असणे आणि प्रत्येकास योग्य असणे या भिन्न गोष्टी आहेत. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा बदलण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक असते. नियमित चालणे, मित्रमंडळींचा गट करून साप्ताहिक नोंद ठेवणे हेही पर्याय आहेत. नायडेच यांच्या मूळ बैठकाही अशाच घरगुती होत्या.

टीका

कार्यक्रमाचे यश कंपनीचे आणि अपयश ग्राहकाच्या मनोनिग्रहाचे, अशी मांडणी या व्यवसायात रूढ असल्याची टीका आरोग्य-अभ्यासक करतात. वजन परत येण्यास शरीरशास्त्रीय कारणे असतानाही ग्राहक स्वतःला दोष देतो आणि पुन्हा नाव नोंदवतो. त्यामुळे अपयशातूनही व्यवसायाला लाभ होतो, असा तिचा आशय आहे. जाड व्यक्तींविषयीची सामाजिक टिंगल व लग्नाच्या बाजारातील अपेक्षा यांचा जाहिरातींत वापर होतो, हाही आक्षेप घेतला जातो. दुसऱ्या बाजूने, दवाखान्यातील काही मिनिटांच्या सल्ल्यापेक्षा दर आठवड्याचा आधार अधिक उपयोगी पडतो, हे वर उल्लेखिलेल्या चाचण्यांतून दिसून आले आहे.

हेही पाहा

- लठ्ठपणा
- शरीर वस्तुमान निर्देशांक
- मधुमेह
- आहारशास्त्र
- ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९